शोरूममध्ये गाडी नाही, मग कारखान्यातून मागवावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातली जुनी गाडी अजून व्यवस्थित चालते, पण आता नवी घ्यायचे ठरले आहे. तीन शोरूम पालथी घातली, तरी हवे ते मॉडेल हव्या त्या व्हेरिएंटमध्ये कुठेच उभे नाही. विक्रेता म्हणतो की आज आगाऊ रक्कम भरा, तुमच्या पसंतीप्रमाणे गाडी कारखान्यातून मागवू, चार महिन्यांत येईल. ही टंचाई खरी आहे की भाव टिकवण्यासाठी घडवून आणलेली, आणि अशी ऑर्डर द्यावी की थांबावे, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ गाड्यांच्या विक्रीत आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वर्षे ऑर्डर व वाटप हेच माझे काम राहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक फरक समजून घ्या, कारण बहुतेक मनस्ताप हा फरक न कळल्यामुळे होतो. बुकिंग आणि ऑर्डर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुकिंग हा तुमच्यात आणि डीलरमध्ये झालेला व्यवहार आहे. त्याची पावती डीलर देतो आणि ती त्याच्याच वहीत किंवा संगणकात नोंदलेली असते. ऑर्डर तेव्हा होते, जेव्हा डीलर तुमची निवड कंपनीच्या प्रणालीत भरतो, कंपनी ती स्वीकारते आणि तिला स्वतःचा ऑर्डर क्रमांक देते. या दोहोंच्या मध्ये वाटप नावाचा टप्पा असतो: कोणत्या मॉडेलच्या, कोणत्या व्हेरिएंटच्या किती गाड्या या डीलरला ठरावीक काळात मिळणार, याचा कोटा कंपनी ठरवते. तो बहुधा डीलरच्या मागील विक्रीवरून ठरतो. वाटप शिल्लक नसेल तर तुमची पावती कितीही जुनी असली तरी कारखान्याला तुमचे अस्तित्व माहीत नसते.

2022च्या सुरुवातीचा एक प्रसंग मला अजून बोचतो. एक शिक्षिका दर शनिवारी आमच्याकडे येत. पर्समधून चार घड्या घातलेली पावती काढून टेबलावर सपाट करत आणि विचारत, "माझी गाडी आता कुठपर्यंत आली?" आमचा विक्रेता दर वेळी सांगे की ऑर्डर गेली आहे, कारखान्याकडून तारीख यायची आहे. एका शनिवारी तो रजेवर होता, म्हणून त्या माझ्यासमोर बसल्या. मी त्यांची नोंद उघडली तेव्हा ऑर्डर क्रमांकाचा रकाना कोरा होता. अकरा आठवडे त्यांची निवड आमच्याच यादीत पडून होती, कारण काचेचे मोठे छप्पर असलेल्या त्या व्हेरिएंटचे आमचे वाटप त्या तिमाहीत शून्य होते. विक्रेता त्यांना फसवत होता असे मी म्हणणार नाही. बुकिंग घेतले म्हणजे ऑर्डर गेली, असे त्यालाही प्रामाणिकपणे वाटत होते. पण मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि तो कोरा रकाना दाखवला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. छप्पर वगळले तर आमच्याकडे त्या महिन्याचे दोन वाटप शिल्लक होते. त्यांनी ते वगळले, दुसऱ्या दिवशी क्रमांक मिळाला आणि नऊ आठवड्यांनी गाडी आली. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक पावतीवर ऑर्डर क्रमांकासाठी वेगळी जागा छापली जाते, आणि तो आला नसेल तर तिथे "क्रमांक प्रलंबित" असे हाताने लिहून ग्राहकाची सही घेतली जाते.

आता टंचाईविषयी, आणि आधी 2020 नंतरच्या मोठ्या टंचाईविषयी. ती खरी होती, आणि तिचे मूळ गाड्यांच्या कारखान्यांत नव्हते. 2020च्या वसंतात जगभरातील वाहन कारखाने बंद पडले, तेव्हा कंपन्यांनी सेमीकंडक्टर चिपच्या ऑर्डर भराभर रद्द केल्या. त्याच काळात घरून काम आणि घरून शिक्षण सुरू झाल्याने संगणक, टॅबलेट आणि नेटवर्कच्या उपकरणांची मागणी वाढली आणि चिप बनवणाऱ्यांनी मोकळी झालेली क्षमता तिकडे दिली. वर्षाच्या उत्तरार्धात गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा फार लवकर परतली, पण तोवर वाहन कंपन्या रांगेच्या शेवटी गेल्या होत्या. तैवानच्या टीएसएमसी या जगातील सर्वांत मोठ्या कंत्राटी चिप उत्पादकाच्या 2020च्या उत्पन्नात वाहनउद्योगाचा वाटा जेमतेम तीन टक्के होता. एवढ्या छोट्या गिऱ्हाइकासाठी कोणी मोबाइलवाल्यांना ताटकळत ठेवत नाही. शिवाय चिप ही आज सांगून आठवड्याने मिळणारी वस्तू नाही. सिलिकॉनची चकती कारखान्यात शिरल्यापासून तयार चिप हाती पडेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात, आणि गाड्यांना लागणाऱ्या बऱ्याच चिप जुन्या तंत्राच्या, कमी नफ्याच्या असल्याने त्यांच्यासाठी नवी क्षमता उभारायला कोणी उत्सुक नव्हते.

त्यावर संकटांची माळ लागली. 2021च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीची लाट येऊन वीज गेली आणि ऑस्टिनमधील सॅमसंग, एनएक्सपी व इन्फिनिऑन यांचे चिप कारखाने बंद पडले. 19 मार्च 2021 रोजी जपानमधील नाका येथे रेनेसासच्या कारखान्याला आग लागली. वाहनांना लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे गाडीतील यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या नियंत्रक चिपच्या, मोठ्या पुरवठादारांपैकी ही एक कंपनी. उन्हाळ्यात मलेशियात निर्बंध आले आणि तिथे होणारे चिपचे पॅकेजिंग व चाचणी रखडली. 2011च्या भूकंपानंतर धडा घेऊन टोयोटाने काही महिन्यांच्या चिपचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला होता, त्यामुळे तिचे उत्पादन बराच काळ तगले. पण 2021च्या ऑगस्टमध्ये तिलाही सप्टेंबरच्या जागतिक उत्पादनात सुमारे चाळीस टक्के कपात जाहीर करावी लागली. त्या वर्षी जगभरात 77 लाख गाड्यांचे उत्पादन बुडेल, असा अंदाज ॲलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेने सप्टेंबरमध्ये वर्तवला होता.

शोरूममध्ये याचा परिणाम कसा दिसला? अमेरिकेत 2020च्या सुरुवातीला डीलरांकडे आणि वाटेवर मिळून सुमारे 35 लाख नव्या गाड्या उभ्या होत्या. 2021च्या शरदात हा आकडा दहा लाखांच्या आसपास उतरला. काही कंपन्यांनी एका चिपवाचून अपुऱ्या राहिलेल्या गाड्या मैदानांवर हजारोंनी उभ्या करून ठेवल्या. काहींनी सोयीच काढून टाकल्या: जनरल मोटर्सने 2021च्या नोव्हेंबरमध्ये अनेक मॉडेलांतील गरम होणाऱ्या आसनांची सोय थांबवली, बीएमडब्ल्यूने काही गाड्या टचस्क्रीनशिवाय दिल्या, आणि प्यूजोने 308 या गाडीत डिजिटल वेगमापकाऐवजी काट्याचा वेगमापक बसवला. ऑर्डर दिल्यानंतर आणि गाडी येण्याआधी तिच्यात बदल होऊ शकतो, हे ग्राहकांनी पहिल्यांदाच अनुभवले. त्याविषयी पुढे लिहितोच.

मात्र त्या वर्षांतील टंचाई आणि आजचे रिकामे शोरूम या दोन्ही गोष्टी एकच समजू नका. 2023 आणि 2024 मध्ये अनेक बाजारांत साठा पुन्हा भरू लागला, सवलती परत आल्या. आज एखादे मॉडेल उभे नसेल तर कारण विशिष्ट असते: ते नुकतेच बदलले असेल, एखाद्या सुट्या भागाचा अडथळा असेल, किंवा कंपनीने साठा जाणूनबुजून कमी ठेवला असेल. हे शेवटचे कारण नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी साठ दिवसांच्या विक्रीला पुरेल इतका साठा सामान्य मानला जात असे. त्या साठ्यासाठी डीलर कर्ज काढतो आणि आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर रोज व्याज चढते. तीन महिने कोणी न विचारलेला रंग शेवटी मोठी सूट देऊन काढावा लागतो. टंचाईच्या काळात कंपन्या आणि डीलर या दोघांनाही दिसले की कमी गाड्या ठेवूनही नफा होतो, किंबहुना प्रत्येक गाडीमागे जास्त होतो. फोर्डचे प्रमुख जिम फार्ली यांनी 2021 मध्येच जाहीरपणे सांगितले होते की कंपनीला ऑर्डरवर आधारलेल्या पद्धतीकडे जायचे आहे आणि साठा पूर्वीपेक्षा कमी ठेवायचा आहे. तेव्हा "घडवून आणलेली टंचाई" हा शब्द मला जरा कडक वाटतो, पण साठा कमी ठेवण्यात विकणाऱ्याचे हित आहे आणि त्याने घासाघिशीतली तुमची बाजू कमकुवत होते, ही शंका रास्त आहे.

मागणीनुसार गाडी बांधून घेणे ही काही नवी कल्पनाही नाही. जर्मनीत कितीतरी ग्राहक पिढ्यान्‌पिढ्या असेच करत आले आहेत. वोल्फ्सबुर्ग येथे फोक्सवॅगनच्या कारखान्याशेजारी 2000 साली उघडलेल्या आउटोश्टाटमध्ये काचेचे दोन मनोरे आहेत, प्रत्येकात चारशे गाड्या मावतात, आणि मालकाच्या हाती जाणारी गाडी यांत्रिक पाळण्यातून खाली उतरते. याउलट अमेरिकेत आवारात उभी गाडी पाहायची आणि संध्याकाळी घरी न्यायची, ही सवय होती. टेस्लाने ऑनलाइन ऑर्डर रुळवली, ब्रिटनमध्ये मर्सिडीज-बेंझने 2023च्या जानेवारीपासून डीलरला एजंट करून किंमत स्वतःच्या हाती घेतली. हे प्रयोग सगळीकडे टिकले नाहीत, पण वारा कोणत्या दिशेला आहे ते कळते.

आता ऑर्डर दिल्यावर नेमके काय होते ते सांगतो, कारण चार महिने कुठे जातात हे कळले की वाट पाहणे सोपे होते. जुळणीच्या ओळीवर गाडीला फार तर एक-दोन दिवस लागतात. बाकीचा सारा काळ त्याच्या आधीचा आणि नंतरचा असतो. ऑर्डर स्वीकारली गेली की ती कंपनीच्या ऑर्डर बँकेत, म्हणजे बांधणीची वाट पाहणाऱ्या ऑर्डरच्या यादीत, पडते. तिथे ती आल्या क्रमाने पुढे सरकत नाही, ही गोष्ट ग्राहकाला सर्वांत जास्त खटकते. दर आठवड्याला नियोजन विभाग पाहतो की पुढच्या उत्पादनासाठी कोणते भाग हाती आहेत, आणि त्या भागांत बसणाऱ्या ऑर्डर उचलतो. तुम्ही मागितलेल्या एका ध्वनियंत्रणेचा पुरवठा अडला असेल, तर तुमच्या महिनाभर मागून आलेली साधी ऑर्डर पुढे जाते. टोयोटाच्या हिशेबाने एका गाडीत बारीक स्क्रूपासून मोजले तर सुमारे तीस हजार भाग असतात. त्यांपैकी एक अडला तरी तुमची ऑर्डर अडते.

यातला एक भाग विशेष पाहण्यासारखा आहे: विजेच्या तारांचा जुडगा, ज्याला आमच्याकडे वायरिंग हार्नेस म्हणतात. अनेक युरोपीय गाड्यांत तो प्रत्येक ऑर्डरप्रमाणे वेगळा गुंफला जातो. मागच्या आसनांना गरम होण्याची सोय हवी असेल तर तेवढ्या तारा जास्त, दरवाजाच्या आरशाला कॅमेरा हवा असेल तर आणखी काही. हे काम बरेचसे हातानेच करावे लागते, म्हणून ते मनुष्यबळ तुलनेने स्वस्त असलेल्या प्रदेशांत चालते. 2022च्या फेब्रुवारीअखेर युक्रेनवर हल्ला झाला आणि तिथले हार्नेसचे कारखाने थांबले, तेव्हा काही दिवसांतच फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यू यांना जर्मनीतील काही ओळी थांबवाव्या लागल्या. मागणीनुसार बांधणीची किंमत ही अशी असते: गाडी जितकी तुमची, तितके तिचे भाग दुसऱ्या कोणाच्या गाडीतून उसने घेणे अवघड. 2025च्या ऑक्टोबरमध्ये नेक्सपेरिया या नेदरलँड्समधील कंपनीवरून डच आणि चिनी सरकारांत वाद झाला, साध्या, जुन्या धाटणीच्या चिपचा पुरवठा अडला, आणि होंडाला मेक्सिकोतील कारखाना थांबवावा लागला. म्हणजे 2021चा धोका पूर्ण सरलेला नाही.

नियोजनात ऑर्डर उचलली गेली की गाडीला सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक मिळतो, ज्याला व्हिन किंवा रोजच्या बोलण्यात चेसिस नंबर म्हणतात. माझ्या दृष्टीने खरी तारीख इथून पुढे सांगता येते, त्याआधी नाही. त्यानंतर जुळणी, तपासणी आणि मग प्रवास. प्रवासाला कमी लेखू नका. 16 फेब्रुवारी 2022 रोजी अझोर्स बेटांजवळ फेलिसिटी एस या मालवाहू जहाजाला आग लागली आणि 1 मार्चला ते सुमारे चार हजार गाड्यांसह बुडाले. त्यांत पोर्शे, आउडी, बेंटली आणि लॅम्बोर्गिनी होत्या, आणि त्यांतल्या कित्येक कोणीतरी महिनोन्‌महिने वाट पाहून मागवलेल्या होत्या. असे क्वचितच घडते. पण जहाज उशिरा निघणे, बंदरावर गर्दी असणे, ट्रेलर न मिळणे या रोजच्या गोष्टी आहेत आणि त्यांत दोन-तीन आठवडे सहज जातात.

तर मग पैसे भरण्याआधी काय विचारावे? माझा आग्रह पहिल्या प्रश्नासाठी आहे: माझ्या निवडीचे वाटप आज तुमच्याकडे आहे का? "लवकरच येईल" हे उत्तर नाही असेच समजा. असेल तर कंपनीचा ऑर्डर क्रमांक किती दिवसांत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. आगाऊ रक्कम कोणत्या परिस्थितीत पूर्ण परत मिळेल, हेही त्याच कागदावर हवे. विशेषतः क्रमांक येण्याआधी रद्द केल्यास, आणि ठरलेल्या मुदतीत गाडी न आल्यास. मग किमतीचा प्रश्न येतो. गाडी येईपर्यंत कंपनीने दर वाढवले तर जुना दर राहील का? काही कंपन्या ऑर्डरच्या दिवशीचा दर राखतात, काही डिलिव्हरीच्या दिवशीचा लावतात, आणि तोंडी आश्वासनाला इथे किंमत नाही. टंचाईच्या काळात काही डीलरांनी गाडी आल्यावर ऐन वेळी वरचे पैसे मागितले; ते पाहून मला आमच्या व्यवसायाची लाज वाटली होती. एकूण रक्कम आकड्यात लिहून घेतली असेल, तर असा प्रकार करणे कठीण जाते.

मॉडेल वर्षाचाही विचार करा. वर्ष बदलण्याच्या सुमारास दिलेली ऑर्डर जुन्या वर्षात बसली नाही तर ती पुढच्या वर्षाकडे वळवली जाते, आणि तेव्हा सोयींची यादी, रंग आणि दर तिन्ही बदलू शकतात. एखादी सोय वगळली गेली तर आधी कळवून तुमची संमती घेतली जाईल का, तेही विचारा. कर्ज घेणार असाल तर आजचा व्याजदर चार महिन्यांनी लागू असेल असे गृहीत धरू नका. मंजुरीची मुदत बहुधा त्याआधीच संपते. जुन्या गाडीच्या मूल्याचेही तसेच आहे.

निवड करताना एक साधी गोष्ट करा. सोयींच्या यादीत दोन रकाने आखा: जिच्याशिवाय गाडी घेणारच नाही अशी सोय, आणि असली तर बरी अशी सोय. दुसऱ्या रकान्यातली यादी विक्रेत्यासमोर ठेवा आणि विचारा, यांतली कोणती सोय सध्या अडलेली आहे. चांगला विक्रेता हे पाहून सांगू शकतो, कारण कंपनी डीलरांना अडलेल्या पर्यायांची सूचना देत असते. एका पर्यायावर पाणी सोडल्याने दोन महिने वाचल्याची उदाहरणे मी कितीतरी पाहिली आहेत. त्याच वेळी हेही विचारा की वाटेवर असलेल्या, अजून कोणाच्या नावे नसलेल्या गाड्यांत तुमच्या यादीशी जुळणारी एखादी आहे का. कोणीतरी रद्द केलेली ऑर्डर पुष्कळदा तीन आठवड्यांत हाती येते, आणि तिच्यात रंग सोडून सगळे जुळते.

गाडी आल्यावर घाई करू नका. भागावाचून मैदानात काही महिने उभी राहिलेली गाडीही नवीच म्हणून येते आणि ती नवीच असते, पण तपासायला हवी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे; 2224 म्हणजे 2024चा बाविसावा आठवडा. त्यावरून गाडी साधारण कधी जुळवली असेल याचा अंदाज येतो. बॅटरीची चाचणी समोर करून घ्या. ब्रेकच्या चकतीवरचा हलका गंज पहिल्या काही किलोमीटरमध्ये जातो, त्याची चिंता नको. पण एकाच जागी फार काळ उभे राहून टायर सपाट झाला असेल तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते, आणि ते चालवल्याशिवाय कळत नाही. ऑर्डरच्या छापील प्रतीतील प्रत्येक सोय गाडीत बसून स्वतः चालवून पाहा, मगच शेवटची रक्कम द्या.

प्रश्नकर्त्याची जुनी गाडी चालते आहे, म्हणजे हातात वेळ आहे, आणि अशा खरेदीत वेळ असणे ही मोठी ताकद आहे. त्यांच्या जागी मी असतो तर ऑर्डर दिली असती, पण पावतीवर दोन आठवड्यांची मुदत लिहून घेतली असती. तेवढ्या काळात कंपनीचा ऑर्डर क्रमांक आला, तर चार महिन्यांना आणखी सहा आठवड्यांची जोड देऊन घरातले नियोजन करावे आणि तोवर जुन्या गाडीची सर्व्हिसिंग चुकवू नये, कारण तिची किंमत नवी गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी ठरणार आहे. क्रमांक आला नाही, तर पंधराव्या दिवशी रक्कम परत घेऊन ज्या डीलरकडे वाटप शिल्लक असेल त्याच्याकडे जावे.